पत्नीच्या विणकामाच्या वहीत ‘सर.’ आणि ‘१२ सम’ म्हणजे काय? (बाळाचा स्वेटर, वीत-बोटांची मापं)

जनकगंजवाले:

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या जनकगंजात राहतो. ए. जी. ऑफिसातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. जन्मभर आकडे तपासले, पण आता जो कागद समोर आहे तो मला पुरता वाचता येत नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

मुलीचं पहिलं बाळंतपण जानेवारीत आहे. दिवाळी झाली की ती माहेरी येईल. माहेरी आता मी एकटा. पत्नीला जाऊन या श्रावणात तीन वर्षं झाली. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना काही सांगायला नको. पारा तीन-चारावर उतरतो, धुक्यात दिवसचे दिवस ऊन पडत नाही, आणि जुन्या घरांच्या जाड भिंती एकदा गारठल्या की माघ संपेपर्यंत तशाच राहतात. मुलगी म्हणते, “बाबा, सगळं ऑनलाइन मागवू, तुम्ही दगदग करू नका.” झबली, लंगोट, दुपटी मागवूच. पण आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगात पहिल्या थंडीत हिच्या हातचा स्वेटर होता. माझ्या दोन्ही बहिणींची मुलं, भावाची मुलं, समोरच्या बिऱ्हाडातली जुळी, अशी मोजली तर अकरा होतात. बाळंतविड्यात बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल, स्वेटर पाहिजे, असं ती म्हणायची. तिच्या स्वतःच्या नातवाला नाहीतर नातीला तो नसावा, हे मला सोसत नाही.

म्हणून जून महिन्यापासून शेजारच्या वहिनींकडून विणायला शिकतो आहे. टाके घालणं, सुलट, उलट, दोनाचा एक, टाके बंद करणं एवढं येतं. एक मफलर पुरा केला. वहिनी आता त्यांच्या मुलाकडे गेल्या, त्या संक्रांतीनंतर येतील.

आता मुद्द्याचं. हिची एक वही आहे. लांबट, हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. अर्ध्या वहीत बंदिशी आहेत (ती लग्नाआधी माधव संगीत महाविद्यालयात शिकली होती) आणि मागून उलटी धरली की विणकाम. तानसेन समारोहाला आम्ही दर वर्षी हजिऱ्याला जायचो, तेव्हा पिशवीत शाल, थर्मास आणि विणकाम असायचंच. रात्रभर गाणं ऐकायची आणि खाली न बघता विणायची. पहाटे परत येताना बोटभर उंची वाढलेली असायची.

बाळाच्या स्वेटरचं पान जसंच्या तसं उतरवतो:

“पाठ ६६. रुं. वीत ३. १२ नं. १ सु १ उ – २ बो. मग ११ नं. ३ सु ३ उ, दर २ ने १ सर. १२ सम. मुंढ्यापर्यंत वीत उणे २. मुंढा ३-१-१, उंची ६ बो. गळा मागे २४ ठेव. नाडी नको.”

सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, बो. म्हणजे बोटं, हे कळलं. “वीत ३” म्हणजे एक वीत आणि तीन बोटं, कारण तीन वीत रुंद पाठ बाळाची असणार नाही. मुंढ्यात दोन्ही बाजूंनी तीन, एक, एक असे टाके कमी करायचे. म्हणजे ६६ मधून दहा गेले, उरले ५६. त्यातले २४ गळ्याचे, दोन खांदे सोळा-सोळाचे. बेरीज जुळते. इथपर्यंत ठीक.

अडलं ते तीन ठिकाणी.

‘सर.’ हे मी ‘सरळ’ असं वाचलं. दर दोन सुयांनी (एक सुई म्हणजे टाक्यांची एक ओळ) एक सरळ, म्हणजे एक साधी सुई विणायची असेल. तसं तीस टाक्यांवर विणून पाहिलं तर उभ्या पट्ट्या आल्या, मधे मधे तुटलेल्या. हे चूक आहे हे मला पक्कं माहीत आहे, कारण मुलीचा त्या स्वेटरातला फोटो माझ्यासमोर आहे. मेळ्यात काढलेला आहे, ती माझ्या खांद्यावर. स्वेटर पिवळा, आणि त्यावरच्या पट्ट्या तिरप्या, उजवीकडून डावीकडे चढत गेलेल्या. लोकरही त्याच मेळ्यातली, पिशवी मीच धरली होती. (आमचा मेळा १९०५ सालचा, माधवराव महाराजांनी सुरू केलेला. अजूनही थंडीत लोकर घ्यायला लोक तिथे जातात.)

‘१२ सम’ म्हणजे काय? बारा टाके समान? बारा सम संख्या आहे हे लिहून ठेवायची तिला गरज नव्हती.

आणि तिसरं, ज्याने मी खरा अडलो आहे. वीत कुणाची? माझी वीत बावीस सेंटीमीटर भरते. तिचा हात लहान होता. बांगड्या दोन-चारच्या. पण बांगडीवरून वीत कशी काढणार?

तो स्वेटर आता नाही. बहिणीच्या मुलांना गेला, तिथून पुढे आणखी कुणाला. हिची तशी पद्धतच होती, अंगाला झाला की पुढच्याला द्यायचा. ट्रंकेत फक्त मुलीची कुंची आणि एक लोकरीचं टोपडं आहे, डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवलेलं. वहीत त्यांची मापं नाहीत.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात सुईने पाडलेली सहा भोकं आहेत, एकाखाली एक. त्यांचा काही अर्थ असेल तर तोही सांगा.

सुलट-उलट:

काका, नमस्कार. मी इंदूरची. तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली.

आधी सुयांचं सांगते, कारण तिथे नवीन माणूस हमखास फसतो. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, ११ म्हणजे तीन, १० म्हणजे सव्वातीन, ९ म्हणजे पावणेचार. ऑनलाइन मागवाल तर तिथे मिलिमीटर लिहिलेले असतात. माझ्या जावेने “११ नंबर” म्हणून मागवल्या तर अकरा मिलिमीटरच्या, लाटण्याएवढ्या सुया आल्या. काकूंच्या सुया घरात असतील तर त्याच वापरा, त्यांच्या बुडावर नंबर कोरलेला असतो.

दुसरं म्हणजे हात. काकूंचा हात सैल की घट्ट ते आपल्याला माहीत नाही, आणि तुमचा घट्टच असणार, नवशिक्याचा असतोच. म्हणून त्यांच्याच नंबरच्या सुईवर त्यांचेच टाके घातले तरी रुंदी तीच येईल असं नाही. चाळीस टाक्यांचा चौकोन विणा, ओला करून, न पिळता, टॉवेलवर पसरून वाळवा आणि मग मधल्या दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा.

वितेचं म्हणाल तर वहीत एखाद्या मफलरीचं माप आहे का? मफलर घरात असेल तर टेपने मोजून वितांनी भागा.

जनकगंजवाले:

आभारी आहे. सुयांचे नंबर खरंच कोरलेले आहेत, भिंगाने दिसले.

मफलर आहे. माझाच, मरून रंगाचा, २००३ सालचा. वहीत “ह्यांचा मफलर ७ वीत” असं आहे. आत्ता मोजला. १५१ सेंटीमीटर. म्हणजे वीत साडेएकवीस. हे बरोबर वाटत नाही, एवढा मोठा तिचा हात नव्हताच. माझ्या तळहातावर तिचा हात ठेवला तर माझी बोटं वर पेरभर उरायची.

वडोदऱ्याची मावशी:

भाऊ, मफलरीवर विसंबू नका. लोकरीची लांब वस्तू वीस वर्षं गळ्यात लोंबली, खुंटीवर टांगली, धुऊन तारेवर वाळत घातली की लांबत जाते. सात वितांची मफलर आता आठ-साडेआठ वितांची झाली असणार. स्वेटर असता तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. एकदा गरम पाण्यात पडून आटला असेल, किंवा कोपरात सैलावला असेल. लोकर जितकी जुनी तितकी ती वापरणाऱ्याची होते, विणणारीचं माप तिच्यात राहत नाही.

मी चाळीस वर्षं विणते आहे. वडोदऱ्याला थंडी ती कसली, तरी विणते, कारण माझी माणसं भोपाळला, नागपूरला, डेहराडूनला. माझ्या सासूबाईंचीही मापं अशीच असायची, मूठ, वीत, चार बोटं, “कोपरापासून मनगटापर्यंत”. मापाची पट्टी घरात होती, शिवणाच्या मशीनच्या खणात. पण विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पट्टी शोधायला कोण उठतं? हात मात्र तिथेच असतो. विणता विणता सुई मांडीवर ठेवायची, वीत टाकायची, पुढे चालू.

तेव्हा एक सांगते. वहीत असं काही शोधा जे विणलेलं नाही, पण विणण्यासाठी मोजलं होतं. टेबलावरचा रुमाल असेल तर टेबल. रेडिओचं कव्हर असेल तर रेडिओ. लाकूड, पत्रा ताणत नाही. ती वस्तू घरात असेल तर तुमच्या पत्नीची वीत तिच्यात जशीच्या तशी आहे.

एक एकटं माप घेऊ नका, कारण त्यात वीत आणि बोटं दोन्ही असतील. एका वस्तूची दोन मापं मिळाली तर बरं.

मोरसल्ली:

मला उपयोगाचं काही सांगता येणार नाही, विणकाम येत नाही. फक्त एवढंच की माझ्या आईने विणलेल्या पायमोज्यांचा एकच पाय माझ्याकडे आहे. दुसरा कुठे गेला कुणालाच माहीत नाही. टाचेच्या जागी लोकर संपली म्हणून तिने हिरव्यात पांढरी लावली होती, तेवढा तो भाग अजून पांढराशुभ्र आहे. परवा माझ्या मुलीने तो बाहुलीच्या डोक्यावर टोपी म्हणून घातला. काढून घ्यावा की राहू द्यावा यात मी बराच वेळ होते. राहू दिला.

आजोबा, तुम्ही लिहीत राहा, मी रोज येऊन बघते आहे.

साथसंगत:

मी विणकामवाला नाही, तबलावाला आहे. बायकोने ही चर्चा दाखवली आणि म्हणाली, हे तुम्हालाच कळेल.

काका, तुमच्या पत्नी गाणं शिकलेल्या होत्या असं तुम्ही लिहिलंत. वहीच्या एका बाजूला बंदिशी. मग ‘सम’ म्हणजे सम संख्या नाही आणि समानही नाही. सम म्हणजे सम. ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो ती. ‘१२ सम’ म्हणजे बाराव्यानंतर आवर्तन पुरं, पुन्हा पहिल्यापासून. एकतालासारखं.

बारा काय, ते मात्र मला सांगता येईना. ते बायकोने काढलं, म्हणून पुढचं तिच्या शब्दांत:

‘सर.’ म्हणजे ‘सरकव’. तीन सुलट तीन उलट ही सहा टाक्यांची वीण. दर दोन सुयांनी ती एका टाक्याने बाजूला सरकवायची. पहिल्या दोन सुया तीन सुलट तीन उलट. (मागच्या सुईला जसे दिसतील तसे विणायचे, सुलटावर सुलट दिसेल, उलटावर उलट.) तिसऱ्या सुईला एक उलटाने सुरुवात, मग तीन सुलट तीन उलट, शेवटी दोन उलट उरतील. पाचवीला दोन उलटांनी सुरुवात. असं करत जा. पट्टी तिरपी चढायला लागेल, फोटोत दिसते तशी. सहा टाके आहेत, म्हणून सहा वेळा सरकली की मूळ जागी येते. सहा दुणे बारा सुया. बाराव्या सुईला आवर्तन संपलं, तेराव्या सुईला पुन्हा तीन सुलटांनी सुरुवात. तीच सम. ६६ टाक्यांत सहाची अकरा घरं बरोबर बसतात, म्हणून ६६.

आणि भोकं. माझ्या आत्याचीही हीच सवय होती. एक आवर्तन झालं की पानाला सुई टोचायची. कुणी मधेच हाक मारली, दूध उतू गेलं, तरी परत बसताना कुठे होतो ते पानावर दिसतं. सहा भोकं म्हणजे सहा आवर्तनं, बहात्तर सुया. बॉर्डर सोडून पाठीची उंची तेवढीच होईल, मुंढ्यासकट.

जनकगंजवाले:

काय लिहू. काल रात्री हे वाचलं आणि वही पुन्हा उघडली. आठवं-दहावं वर्ष उलटलं असेल मुलीचं, तेव्हा एकदा मी तिला विचारलं होतं, गाणं ऐकताना टाके चुकत नाहीत का? ती म्हणाली होती, “गाणं ऐकते म्हणून तर चुकत नाहीत.” मी ते त्या वेळी नुसतं बोलणं समजलो.

मावशी, तुमचं म्हणणं ऐकून पानन् पान पाहिलं. मिळालं. १९८६ सालच्या पानावर आहे: “पेटीचं कव्हर. लां. ३ वीत ५. रुं. वीत ७. उं. वीत ३.” कव्हर केव्हाच कसरीने खाल्लं. पेटी घरात आहे. भात्याची हवा जरा जाते, पण लाकूड सागवानी, जसंच्या तसं.

आज सकाळी अंघोळ झाल्यावर पेटी खाली काढली, पुसली आणि स्टीलच्या पट्टीने तीन-तीनदा मोजली. लांबी साडेबासष्ट सेंटीमीटर. रुंदी तीस.

आता हे माझं काम. तीन वीत पाच बोटं बरोबर ६२.५. एक वीत सात बोटं बरोबर ३०. दुसऱ्याला तिनाने गुणलं तर तीन वीत एकवीस बोटं बरोबर ९०. वजाबाकी केली, सोळा बोटं बरोबर २७.५. एक बोट १.७२. मग वीत १७.९६, म्हणजे अठराच म्हणा.

हे नुसतं कागदावर जुळलं असं नको, म्हणून उंचीवर ताळा घेतला. वीत आणि तीन बोटं म्हणजे २३.१ यायला पाहिजे. पट्टी लावली. तेवीस आणि वर एक रेघ.

अठरा सेंटीमीटर. मी पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसलो होतो.

सुलट-उलट:

काका! आता त्यांचा हातही मिळाला की. पाठ ६६ टाके, रुंदी वीत ३ म्हणजे २३.१. तेव्हा दहा सेंटीमीटरला त्यांचे साडेअठ्ठावीस टाके पडत होते. तुमचा चौकोन वाळला का? किती आले?

जनकगंजवाले:

११ नंबरवर एकतीस. म्हणजे तुम्ही म्हणालात तसा माझा हात घट्ट आहे. १० नंबरवर दुसरा चौकोन विणला. अठ्ठावीस आणि अर्धा.

तिची अकरा ती माझी दहा. बॉर्डरला तिची बारा म्हणून मी अकरा घेईन. बरोबर ना?

सुलट-उलट:

अगदी बरोबर. आणि मधेच सुया बदलू नका. घाबरलात की हात घट्ट होतो, निवांत असलात की सैल, म्हणून रोज ठरलेल्या वेळी बसा.

निवृत्त सिस्टर:

मी तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढली. विणकामाचं बाकीच्यांनी सांगितलं, मी एका गोष्टीसाठी लिहिते आहे आणि ती कृपा करून मनावर घ्या.

तुम्ही ट्रंकेतली कुंची आणि टोपडं म्हणालात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. ती बाळाला घालू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं, बाहेरून बघून ते कळत नाही. अशा बाळाच्या अंगाला किंवा नाकाला नॅफ्थलीन लागलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, कावीळ चढते, आणि नवजात बाळाची कावीळ डोक्यापर्यंत चढली तर मोठं नुकसान होतं. माझ्या वॉर्डात असं एक बाळ आलं होतं. चौथ्या दिवशी हळदीसारखं पिवळं. आजीने जपून ठेवलेलं दुपटं, ट्रंकेतून काढून सरळ गुंडाळलेलं. बाळ वाचलं, घरी गेलं. पण त्या आजीचा चेहरा मी विसरलेली नाही. तिने तर प्रेमानेच ठेवलं होतं.

धुऊन, ऊन दाखवून वास जातो, पण मी तरी नवजात बाळाच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबणार नाही. कुंची मुलीला दाखवा, तिच्या हातात द्या, बाळाच्या अंगात घालू नका. तुमची नवी लोकरही त्या ट्रंकेत किंवा त्या कपाटात ठेवू नका. पुढे ठेवायचीच झाली तर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसर मळलेल्या, घामट लोकरीवर आधी बसते.

वहीत “नाडी नको” लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. गळ्याशी नाडी नको, रिबन नको. बटणं पक्की, दोऱ्याने दोनदा टाचलेली. हातमोजे-पायमोजे विणलेत तर आतून उलटे करून बघा, सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. झोपवताना डोक्यावर लोकरीचं टोपडं ठेवू नका, अंग तापतं. आणि लोकरीच्या खाली आधी मलमलीचं जुनं, वापरून मऊ झालेलं झबलं. आपल्याकडे पहिलं जुनं घालायची रीत आहे ती याचसाठी चांगली.

वडोदऱ्याची मावशी:

सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी डांबरगोळ्या घालत आले. आजच सगळं काढते.

भाऊ, लोकर कोणती घेतलीत? दुकानदार “प्युअर वुल” म्हणतो तेव्हा एक वीतभर धागा तोडून, बाहेर ओट्यावर, चिमट्यात धरून पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरडते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. बाळाला नरम अॅक्रिलिकही चालतं, रोज धुवायला सोपं पडतं, पण शेकोटी, सिगडी, हीटरजवळ बाळाला घेऊन बसायची पद्धत तुमच्याकडे असेल तर मला लोकरच बरी वाटते.

जनकगंजवाले:

मंडळी, मधे दोन आठवडे लिहिलं नाही, कारण विणत होतो.

सिस्टरबाईंची पोस्ट मुलीला वाचून दाखवली. कुंची ट्रंकेतून काढून वेगळ्या डब्यात, गच्चीवरच्या खोलीत ठेवली आहे. मुलगी आल्यावर तिला दाखवीन. डांबरगोळ्या घरातून बाहेर. ट्रंकही त्या खोलीतून हलवली.

लोकर बाड्यावरून घेतली, पिवळीच. मला आठवत होता तो पिवळा मिळाला नाही, जरा लिंबाकडे झुकणारा आहे. मावशी, जाळून पाहिली. राख झाली.

रोज रात्री आठ ते साडेनऊ बसतो. रेडिओ लावून. एके रात्री बागेश्री लागला होता आणि माझा सगळा हात चुकला, सात सुया उसवल्या. त्यानंतर ठरवलं की मोजायचं ते तोंडाने, मोठ्याने. एक, दोन, सरकव. तीन, चार, सरकव. तबलेवाले साहेब, तुमच्या पत्नीला सांगा, पहिलं आवर्तन पुरं झालं आणि तेराव्या सुईला सुलट टाके खालच्या पहिल्या सुलटांच्या बरोबर वर आले, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. वहीचं ते पान टोचावंसं वाटलं नाही, ती भोकं तिची आहेत. शेजारी एक कोरा कागद लावला आणि त्याला टोचतो.

काल तिसरं भोक पाडलं. छत्तीस सुया आणि बॉर्डर. वहीप्रमाणे मुंढ्यापर्यंत वीत उणे दोन बोटं, म्हणजे साडेचौदा सेंटीमीटर पाहिजे, अजून चार-पाच सुया आहेत.

रुंदी मोजायला पट्टी घेतली होती, पण घेतली ती बाजूला ठेवली. पाठीची रुंदी वीत आणि तीन बोटं, पेटीची उंचीही वीत आणि तीन बोटं. सुईसकट विणकाम पेटीच्या बाजूला उभं लावलं. तळापासून वरच्या कडेपर्यंत बरोबर बसलं.

आता मुंढ्याचं विचारायचं आहे. तीन टाके बंद करताना तिरप्या पट्टीतला सुलट मधेच आला तर पट्टी कुठून धरायची?